नगरच्या मिलिगनची रेघ

नगरने इंग्रजी वाङ्मयाला दोन लेखक दिले, पण अभिमान मात्र एकाचाच बाळगला. पंडित नेहरूंनी १९४४ साली भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, त्यामुळे किल्ल्याचं नाव ग्रंथालयांत पोहोचलं. दुसरा लेखक नगरात नुसताच जन्मला. १६ एप्रिल १९१८ रोजी, इंग्रजांच्या फौजेतल्या एका आयरिश बापाच्या पोटी. नाव टेरेन्स अॅलन मिलिगन. पुढे जग त्याला स्पाइक म्हणू लागलं. नेहरूंनी भारताचा शोध घेतला. मिलिगनने आपण नेमके कुठले, हा शोध आयुष्यभर घेतला आणि तो लागेना म्हणून विनोद केले.

त्याचं बालपण पुण्यात गेलं, मग रंगूनला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब बोटीत बसून विलायतेला गेलं आणि पुण्याच्या उन्हात वाढलेला हा मुलगा लंडनच्या धुक्यात येऊन पडला. दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. १९४४ साली इटलीत जखमी झाला. त्या युद्धाच्या आठवणींच्या पहिल्या पुस्तकाला त्याने ‘अॅडॉल्फ हिटलर : माय पार्ट इन हिज डाउनफॉल’ असं नाव दिलं. हिटलरला पाडण्यातला आपला वाटा सांगणारा तोफखान्यातला हा शिपाई आपल्याकडच्या ताम्रपट मागणाऱ्यांपेक्षा बराच प्रामाणिक म्हणायचा. १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ गाजला, त्याचं बहुतेक लेखन याचंच. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम सोबतीला. त्यात लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन भारतीय पात्रंही अधूनमधून येऊन गोंधळ घालून जात. दर आठवड्याला इंग्लंडला हसवायचं म्हणजे काय, ते मिलिगनच्या डोक्याला विचारावं. त्या कामाच्या ओझ्याखाली तो कोलमडला आणि त्याला इस्पितळात राहावं लागलं.

एवढं सगळं झाल्यावर त्याने कादंबरी लिहायला घेतली.

विनोदकाराने कादंबरीच्या वाटेला जाऊ नये, असा एक अलिखित नियम आहे. सभागृहात वाक्य पडलं की लगेच कळतं. कादंबरीचा वाचक हसला की झोपला, हे लेखकाला कधीच कळत नाही. पु. ल. देशपांडे यांनी नाटक, सिनेमा, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र, पेटी सगळं केलं, हेमिंग्वेच्या कोळ्यालाही मराठीत आणलं, पण स्वतःची स्वतंत्र कादंबरी काही लिहिली नाही. आचार्य अत्र्यांनी लिहिल्या. पण ‘मोरूची मावशी’ किती जणांना पाठ आहे आणि ‘चांगुणा’ किती जणांनी वाचली आहे, हे कुठल्याही वाचनालयात विचारून पाहावं. तिकडे मात्र विनोदकारांना हा धीर होत आला आहे. स्टीफन फ्राय याची पहिली कादंबरी १९९१ साली आली, त्याचा जोडीदार ह्यू लॉरी याची १९९६ साली. मिलिगन या दोघांच्या कितीतरी आधीचा. चार वर्षं तो एकाच पुस्तकाशी झटापट करत होता आणि त्या पुस्तकाने आपल्याला जवळजवळ वेड लावलं, अशी कबुली त्याने पुस्तकाच्या सुरुवातीलाच देऊन टाकली. १९६३ साली ते बाहेर आलं. त्याच साली मराठीत पांडुरंग सांगवीकर नावाचा एक पोरगा कुणालाच मान न देता ‘कोसला’त अवतरला, हा निव्वळ योगायोग. पण १९६३ हे वर्ष पहिल्या कादंबरीने वडीलधाऱ्यांची टोपी उडवण्याचं होतं खरं.

कादंबरीचं नाव ‘पकून’. मराठी वाचकाला वाटेल, वाचून माणसाचं जे होतं तेच नाव दिलंय. तसं नाही. पकून हे आयर्लंडमधलं एक कल्पित खेडं आहे. नायक डॅन मिलिगन, म्हणजे आडनाव लेखकाचंच. हा नायक पहिल्या काही पानांतच स्वतःच्या पायांकडे बघतो आणि असले काडीसारखे पाय आपल्याला कोणी लिहिले, म्हणून थेट लेखकाशी भांडायला उठतो. लेखक कबूल करतो, की बाबा, मीच लिहिले. अशी सुरुवात झाल्यावर पुढे कोणाचाच मुलाहिजा राहत नाही. पाद्री, पोलीस, क्रांतिकारक, इंग्रज, आयरिश, सगळे एका माळेचे मणी.

आणि मग येतो सीमा आयोग. साल १९२४. आयर्लंडचे दोन तुकडे झालेले. दक्षिण मोकळी, उत्तर इंग्रजांकडे. मधली रेघ नक्की करायला साहेबलोक नकाशा पसरून बसले आहेत. वाद मिटत नाही, आणि दारूचे गुत्ते बंद व्हायची वेळ झालेली. शेवटी तोडगा निघतो : सगळ्यांनी मिळून एकच पेन्सिल धरायची आणि रेघ जाईल तिकडे जाऊ द्यायची. कोणी इकडे ओढतो, कोणी तिकडे हिसका देतो, आणि ती रेघ पकून गावाच्या छाताडावरून निघून जाते. गुत्त्याचा एक कोपरा उत्तरेत जातो. तिथे दारूवरचा कर कमी, म्हणून सगळं गाव त्या एका कोपऱ्यात खेटून उभं राहायला लागतं. चर्च एका देशात राहतं आणि स्मशानाचा तुकडा दुसऱ्या देशात. मेलेल्याला पुरायला न्यायचं तर सरहद्दीवरचा कारकून प्रेताचा पासपोर्ट मागतो, फोटोसकट.

खरा आयोग तर याहून विनोदी होता. १९२४ मध्येच तो बसला, १९२५ च्या नोव्हेंबरात त्याचा अहवाल एका वर्तमानपत्रात फुटला, एवढा गदारोळ झाला की अहवाल गुंडाळून ठेवण्यात आला आणि सीमा होती तिथेच राहिली. मिलिगनच्या आयोगाने निदान रेघ तरी ओढली.

लंडनला हे सगळं आचरटपणाचा कळस वाटलं असेल. कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, भालकीच्या तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या माणसाला मात्र ‘पकून’ वाचायला दिली, तर तो विचारील, यात विनोद कुठाय?

कारण त्याच्या जिल्ह्यावरून अशीच रेघ गेली आहे, आणि तीही एक नाही, दोन. १९५६ पर्यंत बीदर हा हैदराबाद राज्यातला एक भलामोठा जिल्हा होता. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, सगळ्या भाषा एकाच बाजारात भाव करत. १९५३ च्या डिसेंबरात फाझल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५५ साली त्याने अहवाल दिला, तेव्हा मराठवाडा मराठी मुलखाला द्या, कानडी जिल्हे कर्नाटकाला द्या, असं सांगितलं. आणि बीदरचं काय करावं हे बहुधा त्यांनाही सुचेना, म्हणून बीदर तेलंगणाच्या जिल्ह्यांबरोबर उरलेल्या हैदराबाद राज्यात ठेवा, असं सुचवलं. संसदेने ते ऐकलं नाही. तिने पेन्सिल हातात घेतली. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड आणि जहीराबाद आंध्रात गेले. पण जहीराबाद तालुक्यातलं निर्णा सर्कल तेवढं मागे राहिलं, आणि खुद्द बीदर तालुक्यातलं न्याळकल सर्कल आंध्राबरोबर गेलं. बाकी बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्याला. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातूनही कोडंगल आणि तांडूर आंध्राकडे निघून गेले. जिल्हा मोडताना तालुका, तालुका मोडताना सर्कल. आणखी दोन दिवस काम चाललं असतं तर गल्ल्या आणि वाडेही वाटले गेले असते. मुहूर्त १ नोव्हेंबर १९५६.

या रेघेची खरी गंमत ओसरीवर बसून पाहावी. समजा भालकीत १९४० साली एक गृहस्थ जन्मला. जन्मला तो निजामाच्या राज्यात. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, तो भारतात आला. १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं. आपला भाग हैदराबाद-कर्नाटक म्हणवतो, हे तोंडात बसतं न बसतं तोच २०१९ साली तो कल्याण कर्नाटक झाला. मधे २०१४ साली शेजारचं गुलबर्गा कलबुर्गी होऊन गेलं. गृहस्थाने ओसरी सोडली नाही. पोस्टमन मात्र दर काही वर्षांनी नव्या राज्यातून टपाल घेऊन यायचा. इकडे मिलिगनचं नगरही अहिल्यानगर झालं, म्हणजे आता त्याच्या चरित्राच्या पहिल्या ओळीलाही तळटीप लागणार.

मिलिगनच्या गुत्त्यातला स्वस्त कोपरा इथे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे. पेट्रोल सहसा कर्नाटकात स्वस्त, म्हणून महाराष्ट्रातली गाडी टाकीत काटा खाली ठेवून सीमा ओलांडते आणि भरून परतते. २०२३ च्या मार्चात महाराष्ट्राने एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कर्नाटकाने ‘शक्ती’ योजनेत तिथल्या रहिवासी बायकांना आपल्या साध्या सरकारी बसमधून राज्यात फुकट फिरवायला सुरुवात केली. उदगीरची बहीण अर्ध्या तिकिटात, भालकीची बहीण फुकट, आणि दोघींची सवलत आपापल्या राज्याच्या हद्दीपुरती. पूर्वी बहिणी एकमेकींचं दागिन्यांवरून बघत; आता आधार कार्डावरचा पत्ता बघतात. शिक्षणाचंही तेच. कल्याण कर्नाटकासाठी घटनेत ३७१ (जे) हे कलम आलं आणि या भागातल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा इथल्या मुलांना राखून ठेवल्या गेल्या. भालकीचा भाचा ‘थ्री सेव्हंटी वन जे’चं सर्टिफिकेट काढून कॉलेजात जातो. उदगीरचा मामेभाऊ त्याच्याच आजीचा नातू, पण आजी लग्नानंतर रेघेच्या पलीकडे नांदली, त्याला कोण काय करणार?

आणि प्रेताचा पासपोर्ट? तो इथे सुनेला लागतो. रोटीबेटीचा व्यवहार रेघेला जुमानत नाही. भालकीच्या पोरी उदगीरला, देवणीच्या पोरी औरादला आजही दिल्या जातात. पण अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे सून भांडीकुंडी, दागिने, माहेरचं लोणचं सगळं घेऊन येते. जातीचा दाखला तेवढा माहेरीच ठेवावा लागतो. हजारो वर्षं ज्या गोष्टीने माणसाची पाठ कधी सोडली नाही, ती सरकारी कागदावर मात्र कमळनगरच्या नाक्यावरच थांबते. पकूनच्या कारकुनाने हे ऐकलं असतं तर त्याने खुर्ची सोडून नमस्कार केला असता.

जमिनीचंही असंच. ज्याचं शेत रेघेच्या दोन्ही अंगांना आहे, त्याच्याकडे एका तुकड्याचा सातबारा असतो आणि दुसऱ्याची पहाणी. सातबारा मराठीत, पहाणी कानडीत. आजोबांनी जमीन घेतली तेव्हा कागद उर्दूत होता. घरात तीन लिप्या वाचणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे दहावीतली नात, आणि तिला जमिनीत रस नसतो.

बैलाला मात्र यातलं काहीच लागत नाही. देवणी ही या टापूतली नामांकित जात. देवणी गाव लातूर जिल्ह्यात. कर्नाटकाचं पशुवैद्यकीय विद्यापीठ बीदरला. बैल दोन्हीकडे आपलाच मानला जातो आणि डोमिसाइल कोणी मागत नाही. आगगाडीही तशीच बेफिकीर. बीदर, भालकी, कमळनगर, उदगीर ही स्टेशनं एकाच रुळावर येतात. रेघ कधी ओलांडली हे डब्यातल्या माणसाला फक्त स्टेशनच्या पाटीवरून कळतं. तिकडे कलबुर्गी कर्नाटकातलं विभागीय शहर, पण रेल्वेच्या हिशेबात ते सोलापूर विभागात. कलबुर्गीला स्वतंत्र रेल्वे विभाग देण्याची घोषणा २०१४ साली झाली. गाड्या त्यानंतरही सोलापूरच्या साहेबाला विचारूनच सुटत राहिल्या.

पोटाची भूक तर रेघेला हसतेच. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले की लातूरकडे ‘सुशीला’ होते. तोच पदार्थ कलबुर्गीत ‘सुसला’ म्हणून बशीत येतो. सीमा ओलांडताना बाईचं नाव बदलतं, चव बदलत नाही. भाषेचंही तसंच. ‘काय करलालास?’ हे उदगीरच्या बसस्थानकावर आणि भालकीच्या बसस्थानकावर त्याच हेलात ऐकू येतं, आणि पुण्याच्या माणसाला दोन्हीकडे दोनदा विचारावं लागतं.

भाषेवरून आठवलं. मिलिगनने लिहिला असता तर अतिशयोक्ती वाटला असता, असा एक प्रसंग इथे खरोखर घडला आहे. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू, कानडी शाळेला वाव नाही. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी त्यावर उपाय काढला. शाळेवर पाटी उर्दूची लावली आणि आत कानडी शिकवायला सुरुवात केली. ‘बाहेर उर्दू पाटी, आत कानडी शाळा’ हे वाक्य बीदर जिल्ह्यात आजही आदराने सांगतात. आज त्याच जिल्ह्यात सरकारी मराठी शाळाही आहेत, आणि पाटी कोणत्या भाषेत किती मोठी असावी यावर कर्नाटकात अधूनमधून रस्त्यावर वाद होतो. पाटीकडे बघायचं नसतं, आत कान द्यायचा असतो, हे पट्टदेवरूंनी केव्हाच दाखवून दिलं होतं. पण वाद घालणाऱ्यांना आत जायला वेळ नसतो.

देवांनी तर या बाबतीत सगळ्यांचीच पंचाईत केली आहे. मराठी घरांत पारायण होतं ते ‘गुरुचरित्रा’चं. त्याचा कर्ता सरस्वती गंगाधर, मातृभाषा कानडी. ग्रंथनायक नृसिंह सरस्वती. जन्म विदर्भातल्या कारंज्याचा. त्यांचं मुख्य स्थान गाणगापूर. भीमा-अमरजेच्या संगमावर, कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यात. दुपारी माधुकरीला झोळी घेऊन उभे राहणाऱ्यांत सोलापूर, पुणे, मुंबई सगळे असतात, आणि भाकरी वाढणारी बाई कानडीत बोलली म्हणून कोणी झोळी मागे घेत नाही. बसवकल्याणजवळच्या लाडवंतीला जन्मलेले माणिकप्रभू यांनी तर मराठी, कानडी, हिंदी जी भाषा समोर येईल तिच्यात पदं रचली आणि हुमनाबादला गादी मांडली. मंगळवेढ्याच्या दामाजीसाठी विठोबा महाराच्या वेशात रक्कम भरायला आला, तोही बीदरच्याच दरबारात. पंढरपूर ते बीदर एवढं चालून आलेल्या त्या माणसाला खजिन्यातल्या कारकुनाने पावती दिली, रहिवासी दाखला मागितल्याचं कुठेच नमूद नाही.

आयोगांना हे सुचत नाही. १९६६ साली सीमाप्रश्नावर न्यायमूर्ती महाजन यांचा आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी त्याने २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, द्यायची शिफारस केली. कर्नाटकाच्या वाट्यात अक्कलकोटही होतं. ती शिफारस लागू झाली असती तर गाणगापूर आणि अक्कलकोट ही दोन्ही दत्तस्थानं एकाच राज्यात आली असती, आणि पुण्या-मुंबईच्या निम्म्या भाविकांना देवदर्शनासाठी दर वेळी परराज्यात जावं लागलं असतं. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या २७ डिसेंबरला विधानसभेने बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर आणि भालकीसह ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. एकमत झालं, ही बातमी स्वतःच विनोदी सदरात छापण्याजोगी होती. ‘पकून’च्या शेवटी नायक झाडावर अडकलेला असतो, मला असं लटकत ठेवून जाऊ नका, असं तो ओरडतो आणि लेखक चक्क निघून जातो. २००४ चा दावा आणि तो नायक यांची प्रकृती बरीचशी सारखी आहे.

आता नगरच्या मिलिगनला ही रेघ एवढी का टोचली, ते सांगायला हवं. जन्म नगरचा, बाप आयरिश, आई इंग्रज, सहा वर्षं राजाच्या फौजेत, अंगावर जखम. १९६० साली त्याने ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कारण जन्म हिंदुस्थानातला, आणि राजनिष्ठेची शपथ घ्यायला याची तयारी नव्हती. ‘पकून’ लिहीत असतानाच तो कोणत्याच देशाचा उरला नाही. प्रेताकडे फोटो मागणारा कारकून त्याने कल्पनेतून काढला नव्हता. तो कारकून लंडनच्या एका खिडकीत बसलेला त्याने पाहिला होता. शेवटी बापाच्या नावावर १९६२ साली आयर्लंडने त्याला नागरिक करून घेतलं, आणि १९६३ साली कादंबरी आली. पुढे इंग्लंडच्या राणीने त्याला मानाचा किताब दिला, पण हा परदेशी नागरिक म्हणून तो किताबही मानद ठरला. नगरला जन्मलेला, लंडनला हसवणारा माणूस इंग्लंडच्या दप्तरात परका, आणि नगरच्या दप्तरात तर नावालाही नाही.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी मिलिगन गेला. थडग्यावर आपल्याला काय कोरून हवंय, हे त्याने कधीच सांगून ठेवलं होतं : मी आजारी आहे म्हणून तुम्हाला सांगत होतो ना! इंग्लंडमधल्या विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. तिथल्या धर्माधिकाऱ्यांना दगडावर असली थट्टा नको होती. दोन वर्षं खल झाला. शेवटी २००४ साली तोडगा निघाला : हेच वाक्य आयरिश भाषेत कोरलं तर चालेल. इंग्रज भाविकाला ते वाचता येत नाही, म्हणून त्याच्या भावना दुखावत नाहीत. बाहेर पाटी आयरिश, आत विनोद इंग्रजी. भालकीच्या मठात हा तोडगा कोणी सांगितला तर तिथले लोक एवढंच विचारतील, की दोन वर्षं कशाला लागली?